लिंबाजी आबांचा डावा हात

आमच्या शेजारचे लिंबाजी आबा माणसाच्या तोंडाकडे आधी कधी बघत नसत. कुणी दारात आलं की त्यांची नजर पायांवर जायची, तिथून गुडघ्यांवर, मग कमरेवर, आणि सगळं तपासून झालं की शेवटी तोंडावर. तोवर समोरचा माणूस दोनदा राम राम म्हणून अवघडून गेलेला असायचा. भोकरदनला बदली होऊन आम्ही त्यांच्या शेजारी राहायला गेलो, त्या पहिल्याच दिवशी सामान उतरवताना माझ्या लक्षात आलं, की हे गृहस्थ ओट्यावर बसून माझ्याकडे टक लावून बघतायत. मी प्राथमिक शाळेची बाई. टक लावून बघणाऱ्याला सरळ करायची मला सवय आहे. कमरेवर हात ठेवून मी विचारलं, काय बघताय? तर शांतपणे म्हणाले, "बाई, उजवी टाच दुखती का तुमची? कडंकडंनं पाय टाकून राह्यल्या." टाच दुखत होती. वर्षभर दुखत होती आणि माझ्या नवऱ्याला त्याचा पत्ता नव्हता. त्या दिवशी आबांवर चिडायचं राहून गेलं. ती कसर मी पुढच्या सगळ्या वर्षांत भरून काढली.

आबांचा धंदा बैलांच्या दलालीचा. बैल विकणारा आणि बैल घेणारा यांच्या मधे उभं राहायचं आणि आपण तुझ्याच बाजूचे आहोत असं दोघांनाही वाटायला लावायचं, हे काम त्यांनी जन्मभर केलं. अंगात पांढरा सदरा, पायजमा, डोक्यावर टोपी आणि खांद्यावर एक भला मोठा रुमाल. तो रुमाल सौद्याचा. त्याच्याखाली दोघांनी हात घालायचे आणि बोटं दाबून भाव बोलायचा, म्हणजे आजूबाजूच्या लोकांना कळत नाही. घाम पुसायला आबा बाही वापरत. बैलाचे दात बघणारे बाजारात ढिगानं आहेत, पण चाल बघणारा मी एकटाच, असं त्यांचं म्हणणं. तसं म्हणणारेही ते एकटेच होते ही गोष्ट वेगळी.

घरात बसून नुसत्या पावलांच्या आवाजावरून ते सांगायचे, पोस्टमन आला, आज नव्या चपला घालून आलाय, चावतायत त्याला. गावातल्या प्रत्येकाबद्दल त्यांचं मत बनलेलं होतं आणि ते मत बैलाचंच असायचं. आमच्या हेडमास्तरांना एकदा शाळेच्या फाटकातून आत जाताना बघितलं आणि मला म्हणाले, हा गडी बसका आहे बाई, ओझं पडलं की जुवाखालीच बसंल. पुढे तपासणी लागली तेव्हा हेडमास्तर पंधरवड्याच्या रजेवर गेले आणि सगळं माझ्या गळ्यात पडलं. माझ्या नवऱ्याबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. साहेब गरीब हायेत, म्हणायचे, कुठंबी सोडा, आपसूक घराकडं वळत्यात. नवऱ्याला ही स्तुती वाटली. मी ती वाटू दिली.

माझं आणि आबांचं भांडण एकाच गोष्टीवरून. मला लपवाछपवीचा मनस्वी राग, आणि यांचं पोट लपवाछपवीवर. बैल लंगडत असेल तर त्याला चढावर चालवून दाखवायचा, म्हणजे पाय उचलावाच लागतो. नाहीतर नांगरलेल्या भुसभुशीत रानात चालवायचा, तिथं सगळेच डुलतात. दुखऱ्या पायाच्या बाजूनं आपण स्वतः चालायचं. शिंगं रंगवायची, गळ्यात मोठी घुंगरमाळ घालायची, की घेणाऱ्याची नजर वरच राहते. हे सगळं ते मला मोठ्या अभिमानानं सांगायचे, जसं काही मी उद्या शाळा सोडून बैल विकणार आहे.

एकदा माझ्यादेखत एक शेतकरी तसला बैल ओढत त्यांच्या दारात आला आणि नाही नाही ते बोलला. आबांनी त्याला बसायला पोतं टाकलं, बायकोला, कौसाकाकूंना, चहा ठेवायला सांगितलं आणि म्हणाले, "लंगडतो का म्हणून तुमी इचारलं होतं का? इचारलं की मी सांगतो. खोटं बोलत न्हाई. न इचारता सांगायला मी काय रेडिओ हाय?" तो माणूस खरंच विचारात पडला. त्यानं विचारलेलं नव्हतं. शेवटी आबांनी बैल माघारी घेतला, दुसरा मिळवून दिला, आणि तो माणूस जाताना त्यांच्या पाया पडून गेला. मी मात्र सोडलं नाही. म्हटलं, आबा, ही सरळ सरळ फसवणूक आहे. तर म्हणाले, जनावराची चांगली बाजू लोकांच्या पुढं करायची, त्यात फसवणूक कसली? तुमच्या शाळेत साहेब येणार म्हटलं की हुशार पोरं पुढच्या बाकावर आणून बसवता का न्हाई? मी त्या दिवशी काकूंनी पुढं केलेलं ताक न पिताच घरी आले.

अशा या माणसाच्या अंगावरून एका सकाळी वारं गेलं. चहा पीत बसले होते. उजव्या हातात कप, डाव्या हातात बशी. बशी कलंडली आणि चहा सदऱ्यावर सांडला. कौसाकाकू आधी चहा वाया गेला म्हणून ओरडल्या, मग त्यांनी तोंडाकडे बघितलं आणि मला हाक मारली. मी हातातलं काम टाकून धावले. जालन्याला नेलं, तिथून संभाजीनगरला नेलं, आणि काही आठवड्यांनी आबा घरी आले. बोलणं आधी जड झालं होतं, ते लवकर सुधारलं. इतकं सुधारलं की थोडं राहिलं असतं तरी चाललं असतं, असं काकू म्हणायच्या. डावा पाय ओढत का होईना चालायला लागला. अडलं ते डाव्या हातापाशी.

त्या हाताचं असं झालं, की आबा बसले की तो मांडीवर शहाण्यासारखा पडून राही. उठून चालायला लागले की आपोआप वर यायला लागे. कोपर दुमडायचं, मूठ वळायची आणि ती थेट छातीशी येऊन बसायची. दुसरा हात बिचारा मागेपुढे होतोय आणि हा वर, कुस्तीला निघाल्यासारखा. पहिल्यांदा अंगणात चालले तेव्हा आम्ही सगळे उभे होतो. आबांनी स्वतःकडेच खाली बघून बाजारातल्या आवाजात निकाल दिला, "डावा मागचा वढून राह्यला. फुडचा खांद्यात धरला. दात बघायलाबी कुणी थांबणार न्हाई." आम्ही हसलो. ते हसले नाहीत, तेव्हा आमचंही हसू जागच्या जागी थांबलं.

पण या हातानं त्यांना एक फायदा करून दिला, तोही सांगितला पाहिजे. कोपऱ्यावरचे किराणावाले झुंबरशेठ आणि आबा यांचं मधल्या एका भिंतीवरून भांडण होतं. आमची बदली होण्याआधीपासूनचं. आबा आजारी पडल्याचं शेठना ठाऊक होतं, पण हाताचं ठाऊक नव्हतं. आबा पहिल्यांदाच रस्त्यावर आले आणि दुकानासमोरून निघाले. शेठना दिसलं काय, तर मूठ वळून, कोपर उगारून, दात ओठ खात आबा आपल्याच रोखानं येतायत. दात ओठ खात होते ते पाय उचलायला. शेठ गल्ल्यावरून उठले, बाहेर आले आणि हात जोडून म्हणाले, आबा, जाऊ द्या, भिंत तुमची. आबा थांबले. बरं म्हणाले. आणि पुढे गेले. मी घरी येऊन जाब विचारला, तर म्हणे, मारायला आलात का म्हणून शेठनं विचारलंच न्हाई.

जुन्या जालन्यातली शाहीन नावाची एक मुलगी आठवड्यातून दोनदा एसटीनं भोकरदनला यायची. फिजिओथेरपिस्ट. दिसायला एवढीशी, पण आवाज असा की माझ्या वर्गावर तिला उभं करावं. आबांनी सवयीप्रमाणे आधी तिच्या पायांकडे बघितलं आणि लगेच लक्षात आलं की तीही त्यांच्या पायांकडेच बघतेय. दोघं बराच वेळ एकमेकांचे पाय बघत उभे राहिले. आबांना ती तिथंच पटली.

तिनं त्यांना समजावलं, आणि मी शेजारी उभी होते म्हणून मलाही समजलं. म्हणाली, आबा, चालताना आपण हात हलवत नसतो, तो पायाच्या जोडीनं आपला आपण हलतो, आपल्याला पत्ताही नसतो. तुमच्या मेंदूतला तो आपसूक चालवणारा कारभार बिघडलाय. म्हणून मेंदूचा पुढचा भाग, ज्यानं विचार करायचा, तोच आता एकेक पाऊल मोजून टाकतोय. त्याच्यावर सगळा बोजा पडला की हात आखडून वर येतो. आणि तुम्ही हाताकडे जितकं लक्ष द्याल तितका तो जास्त वर येईल. मोठ्या शहरात म्हणे पेशंटच्या डोक्यावर एक टोपी चढवतात, तिच्यात बारीक दिवे असतात, आणि पेशंट चालत असताना मेंदूचा कुठला भाग किती राबतोय ते पडद्यावर बघतात. आबा एकदम ताठ झाले. "म्हंजी मेंदूची चाल बघत्यात," म्हणाले. आपला धंदा इतका पुढे गेलाय हे ऐकून त्यांना फार बरं वाटलं.

तर, हाताकडे बघायचं नाही. झालं, आबा हाताकडे न बघण्याच्या मागे लागले. मान उजवीकडे वळवून, नजर तिकडेच गच्च धरून असे चालायचे की न बघण्याच्या ताणानंच हात हनुवटीला लागायचा. मागून काकू सारख्या बजावायच्या, अहो, हाताकडं बघू नका. म्हणजे विसरला असेल तरी आठवणार. मी माझी अक्कल चालवली. शाळेतल्यासारखं तोंडानं एक दोन एक दोन म्हणायला लावलं. तर पाय, हात आणि तोंड या तिघांत त्यांचा असा घोटाळा झाला, की एकावर थांबले आणि दोन म्हणायचंच विसरले. शाहीननं मला बाहेर नेलं आणि आवाज न चढवता झापलं. मॅडम, त्यांच्या डोक्याला एका वेळी एकच काम झेपतंय, तुम्ही तीन देऊन राह्यल्या. इतक्या वर्षांत मला कुणी झापलं नव्हतं. खरं सांगायचं तर मला ती आवडली.

उपाय निघाला तो बैलापासूनच. आबांच्या पुतण्याचा म्हातारा बैल एक दिवस गल्लीतून चालला होता. आबा त्याच्यामागून निघाले आणि सवयीनं त्याचे पाय बघायला लागले. बघता बघता तोंडातल्या तोंडात त्याचे दोष काढायला लागले. शाहीननं माझा दंड दाबला. मूठ छातीवरून उतरून कमरेशी आली होती आणि पावलागणिक जरा जरा हलत होती. ती म्हणाली, बस, हेच पाहिजे, लक्ष बाहेर राहू दे. मग रोज सकाळी बैल पुढे आणि आबा मागे अशी फेरी सुरू झाली. बैल शहाणा निघाला, वळणावर थांबून आबा आले का ते बघायचा. आबांना मात्र त्यात कमीपणा वाटायचा. उभा जन्म मी बैलाला चालवलं, म्हणायचे, आता बैल मला चालवून राह्यला.

एका गोष्टीत त्यांनी शाहीनला दाद दिली नाही. ती म्हणायची, हाताला घरातली कामं लावा. तांब्या धरा, आणि जेवताना दोन घास डाव्या हातानं खा, मोडकेतोडके का होईना. आबा भडकले. डाव्या हातानं जेवू? माझ्या मायनं मला ताटावरून उठवलं असतं. काकूंनी विनवलं, मी रागावले, पण नाही म्हणजे नाही. जेवताना तो हात त्यांच्या मांडीवर रुमालाखाली पडलेला असायचा.

आबांना सगळ्यात धाकटी मुलगी, सुवर्णा. जालन्यात एका बियाण्याच्या कंपनीत लॅबमध्ये काम करते. तिथल्याच प्रशांत नावाच्या मुलाशी तिचं जमलं होतं. दोघं सज्ञान, कमावते, जातपात मानपान सगळं जुळणारं. प्रशांतचे वडील दिगंबरराव अंकुशनगरला साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, आता निवृत्त. राहिलं होतं ते एवढंच, की दिगंबररावांनी घर बघायला यायचं आणि हो म्हणायचं. त्यांच्याकडे वडिलांच्या शब्दापुढे कुणी जात नाही, हे सुवर्णानंच सांगितलेलं. पाहुण्यांचा दिवस ठरला आणि आबांची झोप उडाली.

मला घरी बोलावून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बाई, खोंड कितीबी देखणं असू द्या, घेणारा आधी त्याचा बाप बघतो. मला असं बघितलं आन् माघारी फिरले तर? पोरीचं सगळं माझ्या या खांद्यात आडकलंय." पोरीला खोंड म्हणू नका, असं मी म्हणणार होते. पण त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

डोळे पुसले आणि पुढच्याच क्षणाला आबा बाजारात उभे. बेत तयार होता. पाहुणे यायच्या आत आपण दिवाणावर बसलेलं असायचं, डावी बाजू भिंतीकडे. हातावर रुमाल. पाहुणे जाईपर्यंत उठायचं नाही, म्हणजे चाल दिसायचा प्रश्नच नाही. उठायची वेळ आलीच तर मी मोठ्यानं शाळेच्या गोष्टी सांगायला लागायचं, तेवढ्यात पाहुणे दुसरीकडे बघतील. थोडक्यात, घुंगरमाळ मी. कुणी विचारलंच तर सांगीन, म्हणाले. मी साफ नकार दिला. म्हटलं, मी मुलांना खरं बोलायला शिकवते. आदल्या संध्याकाळी सुवर्णा आली, तिनं बेत ऐकला आणि कपाळावर हात मारला. अहो आबा, ऐका तरी, त्यांच्याकडं, असं ती म्हणतेय तोवर आबांनी तिला गप्प केलं. यातलं तुला काय कळतं? ती माझ्याकडे बघून खांदे उडवून आत गेली. आणि मी, इतकं सुनावून, सकाळी इस्त्रीची साडी नेसून त्यांच्याकडे हजर झाले. आबांना नाही म्हणता येत नसे.

गाडी थेट दाराला लागली. प्रशांत आणि त्याचा भाऊ, अशा दोन्ही मुलांच्या मधून दिगंबरराव आत आले आणि दाराजवळच्याच खुर्चीत बसले. मी म्हटलं ना, आबा आधी पाय बघायचे. जगात कुणाचेही. त्या दिवशी त्यांनी पाय बघितले नाहीत. त्यांचा सगळा जीव रुमालाखालच्या हातात होता, तो हलतोय का, दिसतोय का, यात. पाहुणा कसा आत आला ते त्यांना ठाऊकच नाही. मीही रुमालाकडेच बघत होते, दुसरं काय. राम राम झाला. आबांनी नुसता उजवा हात कपाळाला लावला, दिगंबररावांनी नुसता डावा. भर उन्हाळ्यात त्यांच्या उजव्या खांद्यावरून खालपर्यंत शाल होती. मला वाटलं, अंकुशनगरकडच्या लोकांची पद्धत असेल.

बोलणी छान झाली. ऊस, कापूस, रस्त्याचे खड्डे. चहा झाला. पोहे आले तर दिगंबरराव म्हणाले, पोट जरा बिघडलंय. पुन्हा चहा झाला. सुवर्णा आली, बसली, तिला कुणी काही विचारलं नाही, कारण विचारायचं ते प्रशांतनं कधीच विचारलेलं होतं. आतल्या खोलीत टेबलावर ताटं वाढली आणि काकू दारात येऊन म्हणाल्या, चला, जेवून घ्या.

कुणी उठलं नाही. आबा म्हणाले, चला पाव्हणे. दिगंबरराव म्हणाले, तुम्ही व्हा पुढं. आबा म्हणाले, छे, पाव्हण्याच्या आधी यजमान कसा उठंल? दिगंबरराव म्हणाले, अहो, घर तुमचं, वाट तुम्हीच दाखवायची. खोली एवढीशी, वाट ती काय दाखवायची, सहा पावलांवर टेबल. पण दोघंही शालीनतेला असे पेटले की विचारू नका. मी वैतागून मुलांच्या हस्ताक्षराबद्दल बोलायला लागले, पण कुणी ऐकेना. काकू दुसऱ्यांदा दारात आल्या, तिसऱ्यांदा आल्या. भाकरी गार झाली. दोघांनीही दोन दोन चहा घेतलेले, त्याचाही परिणाम व्हायला लागला असावा, कारण दोघांच्याही कपाळावर घाम दिसत होता.

शेवटी दिगंबरराव खाली मान घालून म्हणाले, आम्ही निघतोच आता, जेवण पुन्हा कधीतरी.

आमच्याकडे सोयरिकीला आलेला पाहुणा न जेवता निघाला, म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. काकूंच्या हातातला तांब्या तिथंच थांबला. सुवर्णाचं तोंड उतरलं, ते मला अजून दिसतं. दिगंबरराव निघतो म्हणाले खरे, पण खुर्चीतून हलले नाहीत. हे त्या क्षणी आमच्या कुणाच्याच डोक्यात शिरलं नाही.

आबांनी हातावरचा रुमाल काढला आणि दिवाणावर ठेवला.

"थांबा पाव्हणे," ते म्हणाले. "तुमी इचारलं न्हाई, तरी सांगतो. मला लकवा होऊन गेला. डावी बाजू गेल्ती. चाल बघून घ्या आन् मंग काय ते ठरवा. पोरीत काई खोट न्हाई."

आणि उठले. हात ताबडतोब वर आला. पाहुणे बघतायत म्हटल्यावर तर पार हनुवटीपर्यंत गेला. तसेच पाय ओढत भिंतीपर्यंत गेले, वळले, परत आले. सपाट फरशीवर, उजेडात, कुणाचा आडोसा न घेता. जन्मात त्यांनी एकही जनावर असं दाखवलं नसेल. मला रडू आवरेना. मी आवरलंही नाही.

दिगंबरराव बघत राहिले. मग डाव्या हातानं शाल काढत म्हणाले, "तुमचा डावा का? माझा उजवा."

शालीखाली त्यांचा हात पोटाशी दुमडून बसलेला होता. प्रशांत चाचरत म्हणाला, आम्हाला दोघांच्याही हातांचं वर्षभरापासून माहिती आहे. मी सांगत होते ना, सुवर्णा म्हणाली. पण आबांचं तिकडे लक्ष नव्हतं. त्यांना एकाच गोष्टीचा धक्का बसला होता. म्हणाले, म्हंजी तुमी माझ्याम्होरून चालत आले, आन् मला दिसलं न्हाई? ते त्यांना सहनच होईना. "चालून दाखवा बरं," म्हणाले.

आणि दिगंबररावही, वजनकाट्यावर जन्मभर दुसऱ्यांच्या गाड्या थांबवलेले गृहस्थ, उठून आज्ञाधारकपणे आतल्या खोलीकडे चालायला लागले. आबा मागून. मान वाकडी करून त्यांचे पाय बघत, कंबर बघत, उजवा खांद्यात धरलाय, टाच लवकर उचलताय, असं सांगत. काकूंनी माझा हात घट्ट धरला. मीही बघितलं होतं. आबांचा डावा हात खाली आला होता. मूठ सुटली होती आणि हात मांडीजवळ मागेपुढे होत होता, पावलाच्या जोडीनं, जसा कुणाचाही होतो. आम्ही दोघी चकार शब्द बोललो नाही. सांगितलं असतं तर लगेच वर गेला असता.

टेबलाशी बसल्यावर पुन्हा तेच. दिगंबरराव ताटाला हात लावेनात. आता मला कळलं, पोह्याच्या वेळी पोट का बिघडलं होतं ते. उजव्या हातानं घास उचलत नाही, आणि मुलाच्या सासरी पहिल्याच दिवशी, चार माणसांत, डाव्या हातानं कसं जेवायचं? घरी जेवत असतील. इथं ते मान खाली घालून पाण्याचा पेला फिरवत होते.

आबांनी एकदा त्यांच्याकडे बघितलं. आबांचा उजवा हात धडधाकट होता. त्या उजव्या हातानं त्यांनी आपला डावा हात मनगटाला धरून मांडीवरून उचलला आणि ताटात नेऊन ठेवला. अहो, काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. आबांनी ऐकलं नाही. वाकडी बोटं वरणभातात घातली, कसाबसा घास धरला, त्यातला निम्मा सदऱ्यावर पडला, उरलेला तोंडात गेला. दुसरा घेतला. तो मिशीत गेला. दिगंबररावांनी हे बघितलं आणि आपला डावा हात ताटाकडे नेला.

भाकरी अर्धी झाली असेल. दिगंबररावांनी तोंड पुसलं आणि म्हणाले, "मग व्याही, तारीख कुठली धरायची?"

सुवर्णा वाढायला वाकली होती ती तशीच राहिली. प्रशांत, त्याचा भाऊ, काकू, मी, सगळे आबांकडे बघायला लागलो. आबांचा घास तोंडाच्या वाटेवर होता. ताट आणि तोंड यांच्या मधे हात थरथरत उभा होता, तोंड उघडं होतं, डोळे त्या घासावर, आणि उत्तर नाही. दिगंबररावांच्या चेहऱ्यावरचा रंग बदलायला लागला. काकू काहीतरी बोलायला गेल्या, मी त्यांचं मनगट धरलं. शाहीननं सांगितलेलं होतं, एका वेळी एकच काम. घास हळूहळू वर गेला, मिशीला लागला, हनुवटीवर घसरला, पुन्हा वर आला आणि आत गेला. आबांनी तो सावकाश चावला. गिळला.

"तुमी म्हणाल ती," म्हणाले, आणि पुढच्या घासासाठी तोच हात ताटात घातला.